मालवणला चाललो आहोत, बीचवरच्या डस्टबिनमधल्या कचऱ्याचं पुढं काय होतं?

प्रतापनगरची_सून

नमस्कार. आम्ही तीन घरची मंडळी डिसेंबरात कोकणात चाललो आहोत. लेकरं, म्हातारी माणसं, सगळं लटांबर. नागपूर-मडगाव गाडीनं कुडाळला उतरायचं, तिथून ट्रॅव्हलर सांगून ठेवली आहे. मुक्काम तारकर्ली-देवबागला.

भांडण सामानाच्या यादीवरून लागलं. जाऊबाईंची यादी: चिप्सची दहा रुपयेवाली पाकिटं (मोठं फोडलं की पोरं मारामाऱ्या करतात, हे मान्य), अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांची खोकी, कागदी कप, थर्माकोलच्या प्लेटा. मी ग्रुपवर विचारलं, एवढा कचरा टाकायचा कुठं? उत्तर आलं, "डस्टबिन असते ना बीचवर. आपण काय रेतीत फेकून राहिलो का?" दीर म्हणाले, तिथल्या लोकांचं पोट आपल्यावरच आहे, उचलतील ते.

यावर मला बोलता आलं नाही, कारण त्या डब्याचं पुढं काय होतं हे मला खरंच माहीत नाही. कोणी तिकडचं असेल तर सांगा. उपदेश नको, तो मी घरी पुष्कळ करते आणि कोणी ऐकत नाही. ग्रुपवर तसंच्या तसं टाकता येईल असं काही द्या. आणि डायपरचंही सांगा, आमच्यात एक दीड वर्षाचा आहे.

फुटाळा_कट्टा

ताई, समुद्र लांब राहिला. रविवारी रात्री आपल्या फुटाळा तलावावर या, भुट्ट्याची बुरकुंडं आणि चहाचे कप बघा, मग कोकणाची चिंता करा.

मिहानमधला_मालवणी

मी मूळचा मालवण तालुक्यातला, नोकरीमुळे नागपुरात. आईवडील गावीच असतात, घराला लागून दोन खोल्या पर्यटकांना देतात. त्यामुळे डब्याची पुढची गोष्ट घरचीच आहे.

डबा असतो. नाताळच्या आठवड्यात तो दुपारीच भरतो. मग माणसं पिशवीला व्यवस्थित गाठ मारून ती डब्याशेजारी ठेवतात, आणि आपण कचरा केला नाही या समाधानात जेवायला जातात. रात्री कुत्री पिशवी फाडतात, सकाळी कावळे. आत कोंबडीची हाडं असली तर रात्रीपर्यंतही थांबत नाहीत. उरलेलं वाऱ्यानं पसरतं आणि भरतीला पाण्यात जातं. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असलं की पाणी आणखी वर चढतं. संध्याकाळी तुम्ही चटई टाकून बसला होतात ती कोरडी जागा रात्री पाण्याखाली असू शकते. नागपूरच्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

आता देवबाग नकाशावर बघा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. त्याच पट्टीवर घरं, माड आणि पर्यटकांच्या खोल्या. आपला नागपूरचा कचरा भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातो, आपल्याला दिसत नाही. अशा गावाला भांडेवाडी आणायची कुठून? किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायती, माणसं मोजकी, आणि हंगामात पाहुणे गावकऱ्यांपेक्षा जास्त. उचलून होत नाही तेव्हा लोक परसात खड्डा खणून जाळतात. संध्याकाळी जो धूर येतो तो कधी सुक्या झावळांचा असतो, कधी तुमच्या चिप्सच्या पाकिटांचा. आई फोनवर एकच विचारते, "ह्यो कचरो टाकूचो खंय?"

दिरांना सांगा, रोजगार आहे हे खरं. पण तो खोलीचा, जेवणाचा, होडीचा. पाकिटं वेचायचे पैसे कोणी देत नाही.

बाटल्यांचं म्हणाल तर पाण्याची बाटली भंगारवाला घेतो. चिप्सचं पाकीट कोणी घेत नाही, त्यात प्लास्टिकचे थर आणि धातूचा मुलामा एकजीव केलेला असतो, सोडवणं परवडत नाही. बाटलीचं झाकण वेगळ्या प्लास्टिकचं, ते तरंगतं. बाटलीत पाणी शिरलं की ती बुडते. म्हणून सकाळी भरतीच्या रेघेवर बाटल्यांपेक्षा झाकणं जास्त. समुद्रफेन, सुकलेलं शेवाळ, आणि त्यात निळी-पांढरी झाकणं.

सगळ्यात वाईट काच. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागली की माणसं रांगेनं दोर धरून पाठमोरी, अनवाणी मागं सरकत जातात. जाळं जड असतं, पायाखाली बघायला सवड नसते. बियरच्या फुटक्या बाटलीचा बूड वाळूत उभा रुतलेला असतो, वरून दिसत नाही. माझ्या चुलत्यांच्या टाचेत तसा गेला आणि ऐन हंगामात ते घरी बसले. एवढं एक ग्रुपवर टाका, बाकी नाही टाकलं तरी चालेल.

बर्डीचा_बाबू

सगळं पर्यटकांवर ढकलू नका. पावसाळ्यात समुद्र स्वतःच ढिगानं कचरा आणून टाकतो. तो काय नागपूरकरांनी केला?

मिहानमधला_मालवणी

पावसाळ्याचं बरोबर आहे. चपला, जाळ्यांचे तुकडे, थर्माकोल, काय वाटेल ते येतं. (नागपूरकर म्हणाल तर नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, ते पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. आपला हातभार दुसऱ्या समुद्राला.) पण फरक ओळखता येतो. बरेच दिवस पाण्यात राहिलेल्या वस्तूचा रंग उडालेला असतो, शेवाळ धरलेलं असतं, बारीक शिंपले चिकटलेले असतात. डिसेंबरात सापडणारी पाकिटं कोरी करकरीत, त्यांवरची तारीखही वाचता येते.

खामल्याचा_भाऊ

एक गोष्ट कोणीच बोलून नाही राहिलं. खर्रा, आपला तंबाखू-सुपारीचा! तिकडं भेटत नाही म्हणून आपले पोट्टे इथूनच पुड्यांचा साठा घेऊन जातात. गणपतीपुळ्याले मी स्वतः पाहिलं बावा, रेतीत ती चौकोनी पन्नी, घोटून घोटून पिवळी झालेली, कोपऱ्यात सुपारीचा चुरा. नंबर प्लेट पाहाचं कामच नाही, समजून जायचं विदर्भाची गाडी येऊन गेली. मले तर लाज वाटली राजेहो.

प्रतापनगरची_सून

भाऊ, तुमचा मेसेज दिरांना वाचून दाखवला. ते हसले आणि म्हणाले डबीत भरून नेतो. बघू.

जाऊबाई बाटल्यांऐवजी पाण्याच्या जारवर तयार झाल्या. चिप्सवर नाही. डायपरचं राहिलंच.

मिहानमधला_मालवणी

थर्माकोलच्या प्लेटा तर काढाच, महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार दंड. घरच्या स्टीलच्या ताटल्या न्या, खोलीवर धुता येतात. पाण्याला वीस लिटरचा जार मालवणात भरून मिळतो, प्रत्येकाची बाटली घरची. चिवडा, शंकरपाळे डब्यातून. चिप्स न्यायचेच असतील तर खोलीवर खायला द्या, बीचवर नको, वाऱ्यानं हातातलं पाकीट उडतं आणि पोरं त्यामागं पाण्यात धावतात.

डायपर वाळूत पुरू नका, कुत्री उकरतात. घडी करून कागदात गुंडाळून खोलीवर आणा आणि खोलीवाल्यांना विचारूनच द्या. बुकिंगच्या वेळीच विचारा की सुका कचरा कोण नेतं. समोरचा गडबडला तर समजा की जाळतात. मग सुकं सगळं सोबत परत आणा, इथं मनपाच्या गाडीत द्या.

प्रतापनगरची_सून

परत आणायचं मी बोलले आणि घरात शांतता पसरली. एवढा वेळ गाडीत ती पिशवी, वास नाही का येणार?

मिहानमधला_मालवणी

पाकिटं झटकून, घडी करून ठेवली तर नाही येत. ओलं सगळं खोलीवरच द्या, माडाच्या आळ्यात जातं. मासळीचे काटे मात्र चुकूनही पिशवीत नकोत, नाहीतर डब्यातले लोक तुम्हाला अर्ध्या वाटेत उतरवतील.