सेकंड हॅन्ड पल्सरचा लिमिट घरीच काढायचाय, मदत हवी आहे

बीड_बायपास
पल्सर घेतली, सेकंड हॅन्ड. आधीच्या मालकानं पोरासाठी लिमिट लावून घेतलेला. घेताना बोलला नाही, आता फोनवर सांगायलाय. ६५ च्या वर जातच नाही. गॅरेजवाला म्हणतो इंजन खोलावं लागंल. मला घरीच काढायचंय, पाने आहेत. रविवारच्या आत पाहिजे. कसं काढायचं तेवढं सांगा.

टी_पाना
कोणती पल्सर? १५०, १८०, २२० का एनएस? साल कोणतं? कार्बोरेटर का इंजेक्शन? आणि ‘लिमिट’ नावाचा पार्ट दुकानात मिळत नाही भाऊ. लावलंय काय नेमकं?

लातूरपॅटर्न
सोपं आहे. ईसीयू, म्हणजे इंजनचा कॉम्प्युटर, रीमॅप करून घ्या. युरोपात ए२ लायसन्सवाल्यांना ३५ किलोवॅटची मर्यादा असते, गाड्या बांधूनच येतात. लॅपटॉप लावला की दहा मिनिटांत मोकळी.

टी_पाना
@लातूरपॅटर्न ३५ किलोवॅट म्हणजे ४७ पीएसच्या वर. पल्सर १५० आहे १५ पीएसची. तिला बांधायचं काय आणि सोडायचं काय? आणि कार्बोरेटरच्या गाडीला ईसीयू कुठून आणायचा? सीडीआय असतो, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा, त्याला लॅपटॉप जोडत नाहीत.

लातूरपॅटर्न
गाडी कार्बोरेटरची आहे हे त्यांनी कुठं सांगितलंय? बीएस ६ असली तर इंजेक्शनच.

बीड_बायपास
१५०. २०१३ ची. कार्बोरेटर. किती प्रश्न विचारता राव, काढायचं कसं ते सांगा ना.

जुना_फिटर
प्रश्न विचारल्याबिगर पाना कुठं लावायचा ते कळत नाही बाळा. ह्याची उत्तरं दे:
अ‍ॅक्सिलेटर पूर्ण फिरतो का अर्ध्यातच अडतो?
न्यूट्रलला रेस दिली तर काटा कुठपर्यंत जातो?
दुसऱ्या गियरला किती आरपीएम, पाचव्याला किती?
अडते तेव्हा तुटक तुटक मारती का नुसता दम सोडती?

मोंढ्यातला
कशाला काढताय? लिमिटनं अ‍ॅव्हरेज चांगलं पडतं. पेट्रोलचे भाव बघा. समृद्धीवर टू-व्हीलर घेतच नाहीत, मग ६५ च्या वर जायचंय कुठं?

बीड_बायपास
अ‍ॅक्सिलेटर पूर्ण फिरतो. न्यूट्रलला काटा वर जातो पण आळसानं. दुसऱ्याला ७००० होतात. पाचव्याला ५००० वर थांबते, दम सोडल्यासारखी. तुटक नाही. मांजरसुंब्याच्या चढाला तिसरा टाकावा लागतो.

जुना_फिटर
मग सीडीआय सोडून दे. तिथं कट असता तर सगळ्या गियरला एकाच आकड्यावर फटफट करून अडली असती. तुझी भार आला की मरती. म्हणजे हवा नाहीतर पेट्रोल अडलंय.

अजून एक बघून घे. आरपीएम वर जातंय आन् स्पीड वाढत नाही, असं होत असंल तर क्लच घसरतोय, लिमिटचा संबंध नाही. मागचं चाक उचलून हातानं फिरव, ब्रेक धरत नाही ना? एअर फिल्टर आन् चोकची दांडी बघ. निम्म्या वेळा ‘लिमिट’ म्हणजे तीन वर्षं न बदललेला फिल्टरच निघतो.

बीड_बायपास
फिल्टर नवा टाकलाय. क्लच, ब्रेक बरोबर. चोक बंद आहे. आता?

वाळूजकर
आता तीन जागा राहतात. सोप्यापासून अवघडाकडं जा, एकदम सगळं खोलू नका.

पहिली जागा थ्रॉटल, म्हणजे कार्बोरेटरमधली हवेची वाट उघडणारी पाकळी. गाडी बंद, एअर बॉक्सकडचा रबर मागे सारा आणि कुणालातरी अ‍ॅक्सिलेटर पूर्ण फिरवायला सांगा. मुठीशी पूर्ण फिरला म्हणजे आतली पाकळीही पूर्ण उघडली असं नसतं, केबल ढिली असली तरी फसवणूक होते. पाकळी हवेच्या वाटेला समांतर, आडवी झाली पाहिजे. मुठीशी २–३ एमएम ढिलाई ठीक.

दुसरी जागा कार्बोरेटरचं वरचं झाकण. हा डायाफ्रामवाला, म्हणजे रबरी पडद्याचा कार्बोरेटर आहे. केबल फक्त पाकळी उघडते, स्लाइड, म्हणजे हवेच्या वाटेत वरखाली सरकणारा भाग, वर उचलायचं काम इंजनाची ओढ करते. झाकणाखाली स्प्रिंगबरोबर प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा घातला की स्लाइड अर्ध्यातच थांबते. झाकण काढताना स्प्रिंग उडते, बोटानं दाबून ठेवा. स्क्रू मऊ असतात, घासलेल्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर लावला तर डोकं गुळगुळीत होतं. डायाफ्रामला पेट्रोल किंवा क्लीनर अजिबात लावू नका. रबर फुगतं आणि खाचेत मावत नाही. फुगलंच तर ओढून बसवू नका. सावलीत उघडं ठेवा, काही तासांत आवळतं. बसवताना काठ खाचेत सगळीकडून बसलाय ते बघा. कुठं चिमटला तर स्लाइड उचलणारच नाही आणि नवाच लिमिट तयार होईल. बसवल्यावर बोटानं स्लाइड उचलून सोडा, अडखळता खाली आली पाहिजे नाही.

तिसरी जागा मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटरपासून इंजनाच्या हेडपर्यंतची नळी. हेड आणि मॅनिफोल्डच्या मध्ये पत्र्याचा वायसर. गॅरेजवाले हेच जास्त करतात कारण पाच मिनिटांचं काम. टॉर्च लावून कार्बोरेटरच्या बाजूनं बघा, भोक एकसारखं गोल न दिसता मध्येच पायरी दिसली की समजा तोच.

टी_पाना
@वाळूजकर शेवटी ‘अडखळता खाली आली पाहिजे नाही’ असं पडलंय. न अडखळता, सावकाश खाली आली पाहिजे असं म्हणायचंय ना?

वाळूजकर
हो. मोबाईलवर टाइप करायलो.

गोदाकाठ
माझ्या इलेक्ट्रिक स्कूटीत पण लिमिट आहे, २५ च्या वर जात नाही. कंट्रोलरमधून एक वायर तोडली की पळते म्हणे. कोणत्या रंगाची असते?

टी_पाना
@गोदाकाठ वेगळा धागा काढा. आणि तोडू नका. २५० वॅट आणि २५ चा वेग, एवढ्यावरच त्या गाडीला नोंदणी माफ आहे. वायर तोडली की ती बिगर नंबरची मोटारसायकल झाली.

लातूरपॅटर्न
मग पल्सरचा लिमिट काढणं तरी कायद्यात बसतं का?

वाळूजकर
बसतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आहे. इथं मूळ रचनेवर परत आणायलेत. बदल आधीच्या मालकानं केलेला.

बीड_बायपास
टॉर्चनं पायरी दिसली!! पत्राच आहे. मॅनिफोल्ड काढतो. काही सांभाळायचं का?

जुना_फिटर
थांब, घाई करू नको. सकाळी कर, गाडी थंड असताना, आन् अंगणात. दुपारच्या ४२ डिग्रीत पेट्रोलची वाफ लै होती. बॅटरीची मायनस वायर काढ. टाकीचा कॉक बंद, फ्लोटच्या वाटीखालचा (कार्बोरेटरच्या तळाला पेट्रोल साठतं ती वाटी) स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल डब्यात घे. दोन्ही बाजूचे क्लॅम्प सैल कर आन् कार्बोरेटर फिरवत फिरवत मागे काढ. केबल राहू दे, तारेनं लटकव. बाजूला ट्रिक्सचा, म्हणजे थ्रॉटलवर लक्ष ठेवणारा सेन्सर आहे, त्याचं सॉकेट कळ दाबून काढ, वायरीला धरून ओढू नको.

मॅनिफोल्डचे दोन बोल्ट. ते निघाले की पहिलं काम, हेडच्या भोकात स्वच्छ फडकं कोंब. वायसर, नट, जुन्या पॅकिंगचा तुकडा, काहीही आत गेलं तर गॅरेजवाला म्हणाला तसं खरंच इंजन खोलावं लागंल. जुनं पॅकिंग चाकूनं खरडू नको, ॲल्युमिनियमला चरा पडतो आन् तिथून हवा ओढती. लाकडी चमच्याचा दांडा घे.

मोंढ्यातला
पॅकिंगला शेलॅक लावा, लीकेज येणार नाही.

जुना_फिटर
शेलॅक नको. ते अल्कोहोलात विरघळतं, आन् आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल आहे. तिथं हवेसंगं पेट्रोल जातं, लेप मऊ पडंल. कोरडं नवं पॅकिंग, ओ रिंग असंल तर तीबी नवी, बास.

मोंढ्यातला
आपल्याच कारखान्यांचं इथेनॉल ते, उसाचं. आणि शेलॅक वर्षानुवर्षं चालत आलंय.

वाळूजकर
वर्षानुवर्षं पेट्रोलात एवढं इथेनॉल नव्हतं. बोल्ट ६ एमएमचे आहेत, साधारण १० न्यूटन मीटर पुरे. टॉर्क पाना नसेल तर छोटा पाना, मनगटाच्या जोरावर. आलटून पालटून थोडं थोडं आवळा. एक बाजू आधी कसली तर मॅनिफोल्ड तिरका बसतो.

बीड_बायपास
निघाला. मॅनिफोल्डचं भोक २८, वायसरचं १४. आता ८५ जायलीय. पण ८० च्या पुढं फुस्स होती, मग परत ओढती. इंजनचा वास वेगळा येतोय, तापल्यासारखा. हे काय नवीन?

जुना_फिटर
जोरात चालवू नको. दोन्ही प्लग काढून रंग सांग. दुसरा प्लग विसरू नको.

लातूरपॅटर्न
१४ आणि २८, अर्धाच तर कमी केला होता. त्यानं एवढा फरक?

वाळूजकर
व्यास निम्मा म्हणजे वाट पाव. ताकदही जवळपास पाव राहिली असं धरा. आणि वाऱ्याविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते, म्हणून पाव ताकदीत साधारण ६३ टक्के वेग मिळतो. ११० पळणाऱ्या गाडीचे ६९ होतात. ६५ आलं ते बरोबरच.

बीड_बायपास
दोन्ही प्लग पांढरे. चुन्यासारखे.

जुना_फिटर
तेच वाटलं. वायसर लावणाऱ्यानं अ‍ॅव्हरेजसाठी मेन जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं मुख्य भोक, बारीक टाकलंय. वायसर होता तोवर हवा कमी होती, भागून गेलं. आता हवा पूर्ण आन् पेट्रोल कमी. त्यात इथेनॉलला जळायला हवा कमी लागती, म्हणजे त्याच जेटवर मिश्रण आणखी पातळ पडतं. असंच पळवलं तर पिस्टन धरंल. फ्लोटची वाटी काढ, मधलं मोठं पितळी जेट, त्याच्यावर नंबर कोरलेला आसतो. दुकानात चासी नंबर दाखवून कंपनीचं घे. तार घालून भोक मोठं करायचं नाही.

मोंढ्यातला
बघा, अ‍ॅव्हरेजसाठीच केलं होतं. मी म्हणलो होतो.

टी_पाना
त्याआधी हवा ओढत नाही ना ते बघा. गाडी स्लोला चालू ठेवून मॅनिफोल्डच्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर सांध्यातून हवा जातेय, आणि मग जेट बदलून उपयोग नाही.

बीड_बायपास
फवारा मारला, आवाज बदलत नाही. जेट बदललं. जुनं खरंच बारीक होतं, नंबर दोन पायऱ्या खाली. आता पाचव्याला ७५०० होतंय, फुस्स गेली. प्लग विटकरी. स्लोला मात्र बंद पडायलीय.

वाळूजकर
गरम झाल्यावर स्लोचा स्क्रू फिरवून १४०० वर ठेवा. मिश्रणाच्या स्क्रूला हात लावू नका, तो वेगळा. आणि पीयूसी नवीन काढा.

बीड_बायपास
१४०० वर ठेवली. झालं. धन्यवाद काका, वाळूजकर सर.

मोंढ्यातला
तो १४ चा वायसर टाकून दिला का? नसेल तर ठेवा. पत्रा किती जाडीचा आहे तेवढं सांगा, पोराच्या गाडीला बसवायचाय.