डोमेन (वेबसाइटचं नाव) कोणतं घ्यावं? डॉट इन, को डॉट इन का अजून काही (सल्ला पाहिजे)

भट्टीवाला_भूम
रामराम मंडळी. भूम तालुक्यात आमची खव्याची भट्टी हाय, वडलांपासून. आता पुण्याकडून पेढ्याच्या ऑर्डरी फोनवर यायल्यात म्हणून वेबसाइट काढायलोय. खरं नाव इथं फोडत नाही, कोणी आधीच घेऊन टाकलं तर बसा बोंबलत, म्हणून 'अमुकपेढा' समजा. अमुकपेढा डॉट कॉम गेलेलं हाय. साइट करून देणारं पोरगं म्हणायलंय डॉट इन आन् को डॉट इन दोन्ही घ्या, वरून पेढ्याला एक, बासुंदीला एक, बिलाला एक, म्हणजे पाच डोमेन झाले. पाच कामून लागतेत राव?

मास्तर_नांदेड
पाच नाही लागत, एक पुरे. पत्र लिहिताना आपण गाव, मग ता. भूम, मग जि. धाराशिव असं लहानाकडून मोठ्याकडं जातो ना, डोमेनचं तसंच असतंय, मोठं शेवटी. म्हणून उजवीकडून वाचायचं. अमुकपेढा डॉट इन मधी इन हा वरचा थर, देशाचा. अमुकपेढा दुसरा थर, तो तुम्ही विकत घेणार. त्याच्या डावीकडं काय लावायचं ते तुमच्या मर्जीवर, बासुंदी डॉट अमुकपेढा डॉट इन करा नाहीतर बिल डॉट अमुकपेढा डॉट इन करा, त्याला सबडोमेन म्हणतेत आणि त्याचा वेगळा पैसा लागत नाही. ते डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू पण तसलंच एक सबडोमेन हाय.

केबलवाला_परभणी
बरोबर. इनच्या पण वर एक थर हाय जो दिसत नाही, रूट. ए पासून एम पर्यंत १३ नावांचे रूट सर्व्हर, म्हणजे साइट उघडताना पहिली चौकशी जिथं होती ते कॉम्प्युटर. त्याला अमुकपेढा माहीत नसतो, तो फक्त सांगतो इनची चौकशी तिकडं करा, इनवाले सांगतेत अमुकपेढाची चौकशी अमक्या सर्व्हरला करा. ज्यानं त्यानं आपल्या खालचंच सांभाळायचं. १९८३ ला पॉल मोकापेट्रिस यांनी ही पद्धत (डीएनएस) काढली, त्याच्या आधी सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एकाच फाइलीत राहायची, म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला एकच तलाठी, कल्पना करा.

भट्टीवाला_भूम
हे ध्यानात आलं. मग को डॉट इनचं काय?

मास्तर_नांदेड
तिथं मधी एक थर वाढतो. इन, त्याच्या खाली को, त्याच्या खाली तुम्ही, म्हणजे तिसऱ्या थरावर. थेट डॉट इन सगळ्यांना खुलं झालं २००५ ला, म्हणून जुन्या कंपन्या को डॉट इनवर दिसतेत. एक ध्यानात ठेवा, अमुकपेढा डॉट इन आणि अमुकपेढा डॉट को डॉट इन हे दोन वेगळे मालक असू शकतेत. माझं मत, डॉट इन घ्या, को सोडा. बोलून सांगायला पण सोपं. गव्ह डॉट इन आणि एसी डॉट इन मागू नका, ते सरकार आणि विद्यापीठांचं. आमच्या विद्यापीठाचं एसी डॉट इनवरच हाय.

लातूरची_ताई
दादा, स्पेलिंग बघून घ्या आधी. तुमच्याकडच्या कुंथलगिरीचंच बघा, ते इंग्रजीत तीन जण तीन तऱ्हेनं लिहितात, गिऱ्हाईक तिसरीकडंच जाईल. डॉट भारत पण मिळतं, देवनागरीत, २०१४ पासून. दिसायला लई गोड, पण आतमधी ते एक्सएन डॅश डॅश असं काहीतरी होतं आणि त्याच्यावरचा ईमेल कुठं कुठं चालत नाही. हौस म्हणून दुसरं घ्या, पहिलं नको.
आणि हे महत्त्वाचं, डोमेन त्या साइटवाल्या पोराच्या नावावर होऊ देऊ नका!! माझ्या बुटीकचं साइटवाल्यानं स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. पहिल्या वर्षी दीडशेला, दुसऱ्या वर्षी रिन्यूअल हजाराच्या घरात, आणि भांडण झाल्यावर पासवर्ड देईना. सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि पेरा आपला, असं झालं.

केबलवाला_परभणी
ताईला +१. आणि हे उजवीकडून वाचायचं फसवणुकीत पण कामाला येतंय. मामाला मेसेज आला, लिंकमधी पुढं बँकेचं नाव, मामा खूश. मी म्हणलं सुरुवातीचं एचटीटीपीएस आन् त्याच्या दोन तिरप्या रेघा सोडा, त्याच्या पुढं पहिली तिरपी रेघ जिथं येती तिथं थांबा आन् तिथून मागं डावीकडं वाचा. शेवटी डॉट एक्सवायझेड! म्हणजे बँक नुसती सबडोमेन, मालक भलताच. आता रिझर्व्ह बँकेनं बँकांना बँक डॉट इनवर जायला लावलंय, मुदत होती ३१ ऑक्टोबर २०२५. तिथं ऐऱ्यागैऱ्याला नाव मिळत नाही.

भट्टीवाला_भूम
अपडेट. डॉट इन घेतलं, एकच, माझ्या नावावर, ईमेल माझा, मोबाइल माझा. पोरगं जरा फुगलंय. रिन्यूअलची तारीख भट्टीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलीय, दुधाच्या हिशोबाच्या खाली. आता फक्त एवढं सांगा, ते बासुंदीचं सबडोमेन पॅनलमधी कुठून करायचं, 'डीएनएस' म्हणून बटन दिसायलंय, दाबू का?

मास्तर_नांदेड
दाबा, पण आधीच्या ओळी पुसू नका. फोटो काढून टाका इथं. पासवर्ड दिसू देऊ नका त्यात.