स्लॅबच्या घरात आईला रात्री झोप नाही, काय करू?

मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात आमचं धाब्याचं घर होतं. हातभर जाड मातीच्या भिंती, वर पांढरी माती. पावसात मागची भिंत बसली, मग घरकुल मिळालं. २६९ चौरस फूट, १ लाख २० हजार अनुदान, वरचे पैसे उसने. पक्कं घर झालं म्हणून आई हरखली होती. आता मे महिन्यात रात्री दोनला उठवते, "भिंतीले हात लावून पाह्य बरं, अजून निवली नाही." वय ६८, बीपीची गोळी चालू आहे. परवा पहाटे मोरीजवळ चक्कर येऊन पडली. कूलर आहे, पण लाइट जाते. थोडेच पैसे आहेत, आधी कशावर घालू?

नागपूरचा गवंडी
दादा, आधी स्लॅबवर चुना. स्लॅब दिवसभर तापतो अन् रात्रभर खाली सोडतो. धाब्याच्या जाड मातीतून ऊन आत फार कमी अन् हळू उतरायचं. चुन्यात थोडा फेविकॉल घालून दोन हात द्या. पावसात धुपतो, दरवर्षी द्यावा लागतो. अहमदाबादेत २०१० च्या उन्हाळ्यात फार माणसं गेली. २०१३ ला त्यांनी उष्णतेचा आराखडा केला, पुढे वस्त्यांतली छपरं पांढरी केली. तेलंगणानं तर २०२३ मध्ये त्याचं धोरणच आणलं. आपल्याकडे घरकुलासोबतच चुना द्यायला पाहिजे, असं मला मनापासून वाटते. पश्चिमेच्या भिंतीला पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांची, ताटी बांधा, भिंतीपासून वीतभर सोडून.

सिस्टर, अकोला
चुना देच, पण आईला उद्याच डॉक्टरकडे ने. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जातं. उन्हाळ्यात उठताना चक्कर येते. गोळी आपल्या मनानं बंद करू नको. झोपून आणि उभं करून, दोन्ही बीपी मोजायला सांग. खोली फार तापली की पंखा गरम वाराच फेकतो, तेव्हा अंगावर ओला पंचा ठेव. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर नुसता दमटपणा. दिवसभर तापलेलं अंग रात्री निवलं नाही तर हृदयावर ताण येतो, हे हलक्यात घेऊ नको.

मूळ प्रश्नकर्ता
ताई, गोळीच निघाली. डॉक्टरांनी बदलून दिली. रविवारी चुना दिला. आई खाली उभी राहून "कोपरा राह्यला" म्हणून सांगत होती. काल चारपर्यंत झोपली. भिंत मात्र अजून कोमट लागते. ताटी आज बांधतो. मागच्या भिंतीला वर झरोका पाडायचा आहे. गवंडीदादा, बीमच्या किती खाली घेऊ?