तालुक्याच्या गावातल्या नगरपरिषदेच्या चार शाळांची एक शाळा करावी का?

माजी विद्यार्थिनी (धागाकर्ती):
आमच्या गावात नगरपरिषदेच्या चार प्राथमिक शाळा आहेत. मी शिकले त्या तीन नंबरच्या शाळेचा पट आता १४ आहे. बाकी तिघींचीही तीच रड, चारही मिळून ५६ मुलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत वीस मिनिटांचं गाव, तरी शाळा एकत्र करायचा विषय निघाला की मोर्चा ठरलेला. मोर्च्यात पुढे कोण, तर ज्यांची मुलं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात ते! माझं म्हणणं सरळ आहे. एकच शाळा करा, म्हणजे दर वर्गाला एक शिक्षक मिळेल. एका खोलीत चार इयत्ता कोंबून नुसती शाळेची पाटी जपायची, यात मुलांचं काय भलं?

दोन मुलींचा बाप:
वीस मिनिटं तुमच्या पायांनी, ताई. सहा वर्षांच्या पोरीला मधला हायवे ओलांडायचाय. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असा नियम उगीच नाही. ज्यांना रिक्षा परवडते ते कधीच गेले. उरली धुणीभांडी करणाऱ्यांची लेकरं. ती बाई सकाळी कामावर जाईल की पोरीला रस्ता ओलांडून देईल? चार शाळांची मिळून ५६ मुलं म्हणता, एकत्र केल्यावर चाळीस दिसतील. बाकीच्या मुली घरी धाकट्याला खेळवत बसतील.

माजी विद्यार्थिनी:
हायवेचं मान्य. तेवढ्यापुरती गाडी पालिकेने लावावी. पण शिक्षकांचं काय?

निवृत्त गुरुजी:
तिथेच तर गणित चुकतंय. २००९चा शिक्षण हक्क कायदा काढून शेवटची अनुसूची वाचा. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९०ला तीन. म्हणजे तुमच्या ५६ मुलांच्या नव्या शाळेला मिळणार दोनच. आज चार शाळांत दोन-दोन धरले तर आठ होतात. सहा जण अतिरिक्त ठरणार, त्यांचं समायोजन कुठल्या तरी दुसऱ्या शाळेत. दर वर्गाला शिक्षक सोडाच, दोघांत पाच इयत्ता.

आणखी एक. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर व्हायची, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. वीटभट्टीची कुटुंबं येतात दिवाळीनंतर. ती मुलं वर्गात बसतात, खिचडी खातात, पण हिशेबात नसतात. मार्चमध्ये माझ्या वर्गात पटापेक्षा जास्त डोकी असायची!

स्पष्ट बोलतो:
गुरुजी, शाळा मुलांसाठी की नोकऱ्यांसाठी? आठ शिक्षक होते तेव्हा तरी पट का घसरला? पालक मूर्ख नाहीत. ज्या शाळेत शिक्षक आपलं मूल घालत नाही, तिथे मी का घालू?

निवृत्त गुरुजी:
बोचलं, पण खरं आहे. माझा मुलगाही खासगीत शिकला. आता एवढंच सांगतो, की कागदावर दोन असले तरी वर्गात एकच. दुसरा बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचा अधिकारी, म्हणून मतदारयादी घेऊन दारोदार. कायद्याने शिक्षकाला शिकवण्याबाहेरची कामं देता येत नाहीत, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच सूट, पण ऑनलाइन माहिती भरण्याला सूटबिट काही लागत नाही.

स्पष्ट बोलतो:
मग सरकारी पगारदारांवर सक्ती करा, मुलं इथेच घाला म्हणून.

वकिलीण:
अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये उत्तर प्रदेशात तसा आदेश दिला होता. अधिकाऱ्यांची मुलं काही सरकारी शाळेत आली नाहीत.

बाजारपेठेतला:
सगळे पटावर भांडताय, जागेवर कोणी बोलत नाही. जुन्या शाळा भर बाजारात आहेत. आमच्याकडे एक शाळा ‘तात्पुरती’ हलवली, आज तिथे गाळे आहेत.

नवी शिक्षिका:
खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बघा. २०२५ मध्ये जगभरात नाव झालं. इच्छा असली तर होतं.

निवृत्त गुरुजी:
होतं, बाई. पण एका झपाटलेल्या माणसाच्या जिवावर चालणारी शाळा ही व्यवस्था नव्हे. त्याची बदली झाली की?

माजी विद्यार्थिनी:
दोन शिक्षकांचा हिशेब मला खरंच माहीत नव्हता. मग पहिली-दुसरी चारही ठिकाणी ठेवा आणि तिसरीपासून एकत्र करा, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने द्यावा. समितीत ७५ टक्के पालकच असतात ना? दादा, तुमच्या शाळेच्या समितीवर कोण आहे?

दोन मुलींचा बाप:
मीच आहे. सभेची वही परवाच घरी आली होती. गडबडीत सही करून दिली, ठराव कसला होता ते बघितलं नाही.