उताराच्या कुरणासाठी छोटा ट्रॅक्टर कोणता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माण तालुक्यात आमचं 7 एकर कुरण आहे, मारवेल आणि पवन्या गवताचं. त्यात कुसळी गवत वाढतंय. कुसळं धरायच्या आत कापली नाही तर शेळ्यांच्या तोंडात रुततात. गेल्या कार्तिकात एकीच्या हिरडीतून मी चिमट्याने काढली, फार कळवळत होती. विळ्याने कापायला आता माणसं मिळत नाहीत.

24 एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह घ्यायचाय, महिंद्राचा जिवो किंवा कुबोटाचा निओस्टार. पण अशा बागायती ट्रॅक्टरची चाकं जवळजवळ असतात, उतारावर उलटायची भीती वाटते. चाकांतलं अंतर वाढवून, वजनासाठी टायरात पाणी भरून कुणी चालवलाय का?

शिवाय रोटरी स्लॅशर (ट्रॅक्टरमागे जोडायचं, गरगर फिरणाऱ्या पात्यांचं कापणी यंत्र) गवताचे तुकडे करतो, पेंढ्या बांधता येत नाहीत. कात्रीसारख्या पात्यांचा मोवर दगडगोट्यांत टिकतो का? वापरलेल्यांनीच सांगा, कृपया.