नवे विंडोज टाकल्यानंतर जुन्या फोल्डरमधील ध्वनी-चित्रमुद्रणे पूर्ण कॉपी होत नाहीत. काय राहिले, हे कसे कळेल?

वाचनालय-सचिव (लाखांदूर तालुका, जि. भंडारा):

नमस्कार. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून आमच्या गावच्या वाचनालयातील संगणकावर विंडोज ११ टाकून घेतले. ज्यांच्याकडे हे काम दिले होते त्यांनी जुन्या फाइली न ठेवण्याचा पर्याय निवडला आणि संगणक परत आला तेव्हा डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स दोन्ही रिकामे होते. शोध घेतल्यावर सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज.ओल्ड’ हा फोल्डर दिसला आणि त्यातील ‘यूजर्स’मध्ये आमचे सर्व साहित्य जागेवर असल्याचे आढळले.

हे साहित्य साधे नाही. मंडईच्या, म्हणजे आमच्याकडील गावजत्रेच्या रात्री रंगलेल्या दंडारी, खडी गंमत आणि डहाका या लोककलांची चित्रमुद्रणे, म्हाताऱ्या बायांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या, शाहिरांच्या हस्तलिखित वह्यांची स्कॅन केलेली पाने, असे अनेक वर्षांत जमवलेले धन त्यात आहे. ओव्या गाणाऱ्यांपैकी काही आजी आता हयात नाहीत, त्यामुळे ती मुद्रणे पुन्हा करता येणार नाहीत.

बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायला घेतले की पहिल्यांदा परवानगी नसल्याचा संदेश येतो. ‘कंटिन्यू’ दाबल्यावर काही वेळ काम चालते, मग एखाद्या दंडारीच्या फाइलवर ‘फाइल फार मोठी आहे’ असे सांगून अडते, जरी डिस्कवर निम्म्याहून अधिक जागा मोकळी असली तरी. पुढे काही फाइलींचे नाव फार लांब असल्याची तक्रार येते. ‘स्किप’ म्हटले तर कॉपी पुढे सरकते, पण काय वगळले गेले याची नोंद कुठेही राहत नाही. त्यात मध्येच वीज जाते आणि हजारो फाइलींपैकी कोणत्या पूर्ण गेल्या व कोणत्या अर्धवट, हे समजण्याचा मार्ग उरत नाही. माझा मुख्य प्रश्न हाच आहे, की एकही फाइल न गमावता हे काम कसे करावे आणि ते पूर्ण झाल्याची खात्री कशी करावी?

संगणक-दुरुस्ती, ब्रह्मपुरी:

सचिवसाहेब, नमस्कार. सर्वांत आधी वेळेचे भान ठेवा. ‘विंडोज.ओल्ड’ हा फोल्डर कायमचा नसतो. अद्ययावत केल्यानंतर साधारण १० दिवसांनी विंडोज तो आपोआप काढून टाकते. डिस्क क्लीनअप चालवणे तूर्त टाळा, कारण त्यातील ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ या चौकटीवर चुकून खूण राहिली तर फोल्डर त्याच क्षणी जातो. विंडोज १० कडे परत जायचे नसेल, तर आपल्या साहित्याचा फोल्डर आजच ‘कट’ करून सी ड्राइव्हवरच दुसऱ्या फोल्डरमध्ये ‘पेस्ट’ करा. एकाच ड्राइव्हवर हलवताना फाइलीतील मजकूर जागचा हलत नाही, फक्त नोंद बदलते, त्यामुळे मोठी चित्रमुद्रणेही लगेच हलतात आणि आपोआप पुसले जाण्याचा धोका टळतो.

आता अडथळ्यांविषयी. तुम्हाला दिसणाऱ्या तीन तक्रारींची कारणे तीन वेगळी आहेत, म्हणून एका उपायाने त्या जाणार नाहीत.

परवानगीची अडचण अशी, की जुन्या खात्याला एक अंतर्गत ओळख-क्रमांक होता आणि फोल्डरची मालकी त्या क्रमांकाच्या नावावर आहे. नव्या विंडोजमधील खात्याचे नाव हुबेहूब तेच ठेवले तरी क्रमांक वेगळा असतो, त्यामुळे संगणक तुम्हाला परका समजतो.

मोठ्या फाइलीची तक्रार तुमच्या बाहेरच्या डिस्कमुळे आहे. ती डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार. या पद्धतीत कोणतीही एक फाइल ४ जीबीपर्यंत पोहोचू शकत नाही, मग डिस्कवर कितीही जागा मोकळी असो. आणि रात्रभराच्या दंडारीचे चित्रमुद्रण ही मर्यादा सहज ओलांडते. डिस्कवर आधीपासून काही असेल तर थेट फॉरमॅट करू नका, त्याने सर्व पुसले जाईल. ‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा फॅट३२ ची डिस्क आतील फाइली राखून एनटीएफएस या मोठ्या फाइली चालणाऱ्या पद्धतीत बदलते, तरीही त्या फाइलींची एक प्रत आधी दुसरीकडे घेतलेली बरी. मंडईत लाऊडस्पीकरच्या पेटीला लावायचा पेनड्राइव्ह मात्र फॅट३२ च राहू द्या, कारण बहुतेक पेट्यांना एनटीएफएस वाचता येत नाही.

लांब नावांचे कारण आपल्या लिपीशी जोडलेले आहे. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीतून काम करताना ड्राइव्हपासून फाइलीपर्यंतचा संपूर्ण पत्ता साधारण २६० चिन्हांत बसावा लागतो आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही प्रत्येक खूण स्वतंत्र मोजली जाते. ‘लाखांदूर’ हे नाव आपण चार अक्षरांचे म्हणतो, संगणक त्यात आठ चिन्हे मोजतो. फाइलीच्या नावात गाव, तिथी, शाहीर आणि गाण्याचे पहिले चरण लिहिण्याची जी चांगली सवय संग्राहकांना असते, तिच्यामुळेच ही मर्यादा लवकर येते, शिवाय ‘विंडोज.ओल्ड’मध्ये गेल्यावर पत्ता आणखी लांबला.

या कामासाठी खिडकीतील कॉपी-पेस्ट सोडून ‘रोबोकॉपी’ ही कॉपी करण्याची आज्ञा वापरा. व्हिस्टापासून ती विंडोजमध्येच असते, वेगळी घ्यावी लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टंकण्याची खिडकी) ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडा आणि रोबोकॉपी, मूळ फोल्डरचा पत्ता, नव्या फोल्डरचा पत्ता असे क्रमाने लिहा. दोन्ही पत्ते अवतरणचिन्हांत हवेत. पुढे जोडायचे पर्याय इंग्रजी अक्षरांतच टंकायचे आहेत: ‘/ई’ने आतले सर्व उपफोल्डर येतात, ‘/बी’ने प्रशासक खात्याला परवानगीचा अडसर ओलांडून फाइल वाचता येते, आणि ‘/एक्सजे’ने जुन्या खात्यातील फसवे दुवे वगळले जातात, नाहीतर कॉपी त्याच त्या फोल्डरमध्ये गोल फिरत राहते. ‘/आर:१’ आणि ‘/डब्ल्यू:१’ विसरू नका. ते न लिहिल्यास रोबोकॉपी न वाचता येणाऱ्या एकाच फाइलीवर ३० सेकंदांच्या अंतराने दहा लाख वेळा प्रयत्न करण्यास तयार असते आणि पाहणाऱ्याला संगणक गोठल्यासारखा वाटतो. लांब पत्ते ती मुळातच हाताळते.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर ‘/युनिलॉग’ या पर्यायात आहे. कोलननंतर एका टेक्स्ट फाइलीचा पत्ता दिला की संपूर्ण कामाची नोंद तिच्यात लिहिली जाते. साधा ‘/लॉग’ घेतला तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येऊ शकतात, म्हणून ‘युनिलॉग’च घ्या. नोंदीच्या शेवटी एक तक्ता असतो. त्यातील ‘फेल्ड’ या रकान्यात शून्य असेल तर कोणतीही फाइल नाकारली गेली नाही असे समजा. शून्य नसेल तर नोंदीत ‘एरर’ हा शब्द शोधा. त्यापुढे ५ असेल तर परवानगीचा प्रश्न आहे, २३ असेल तर डिस्कवरील तो भाग वाचता येत नाही. ‘/एमआयआर’ हा पर्याय कोणी सुचवला तर वापरू नका. मूळ फोल्डरमध्ये नसलेल्या फाइली तो दुसऱ्या बाजूच्या पुसून टाकतो.

जि. प. शिक्षिका, आरमोरी:

वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त विजेच्या बाबतीत थोडी भर घालते. खिडकीतून कॉपी चालू असताना वीज गेली, तर दुसऱ्या बाजूला राहिलेल्या अर्धवट फाइलीचा आकार पूर्ण दिसू शकतो, कारण तिच्यासाठी लागणारी जागा आधीच राखून ठेवलेली असते. म्हणून केवळ आकार जुळला यावर विसंबू नये. रोबोकॉपीची तीच आज्ञा वीज आल्यावर पुन्हा चालवली की आकार आणि वेळ दोन्ही जुळणाऱ्या फाइली ती सोडून देते व उरलेल्याच घेते. आमच्याकडे धान भरण्याच्या दिवसांत विजेचा भरवसा नसतो, तेव्हा मी शाळेच्या संगणकावरील असे काम एकेका वर्षाचा फोल्डर घेऊन करते.

‘/बी’ वापरूनही परवानगीचा अडथळा गेला नाही, तर पेनड्राइव्हवरून उबंटू ही लिनक्स प्रणाली चालू करून पाहता येईल. ते संगणकावर न टाकताही चालते आणि विंडोजने लावलेल्या परवानग्या सहसा आड येत नाहीत. मात्र सी ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्या सुरक्षा-सोयीने कुलूपबंद असेल तर रिकव्हरी कीशिवाय तो उघडणार नाही. प्रत लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर घेऊ नये. तिथे एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे एका नावात जेमतेम ८५ चिन्हे मावतात.

वाचनालय-सचिव (लाखांदूर तालुका, जि. भंडारा):

दोघांचेही मनापासून आभार. फोल्डर सी ड्राइव्हवर सुरक्षित जागी हलवला आणि डिस्क एनटीएफएस करून घेतली. अजून दोन शंका आहेत. आमच्या वह्यांत मुद्रणांची नोंद तारखेनुसार आहे. कॉपी केल्यावर फाइलींच्या तारखा बदलतील का? आणि ओव्यांची प्रत मुळाशी अगदी तंतोतंत जुळते, हे कसे पडताळावे?

संगणक-दुरुस्ती, ब्रह्मपुरी:

‘मॉडिफाइड’ ही तारीख तशीच राहते. खिडकीतून कॉपी केल्यास ‘क्रिएटेड’ आजची होते, रोबोकॉपी मात्र तीही जुनीच ठेवते. फोल्डरच्या तारखाही जपायच्या असतील तर ‘/डीकॉपी:टी’ जोडा.

पडताळणीसाठी सेव्हन-झिप हे मोफत साधन घ्या. मूळ फोल्डरवर उजवी कळ दाबून त्यातील एसएचए-२५६ निवडा, मग प्रतीच्या फोल्डरवर तेच करा. दोन्ही ठिकाणी शेवटी जी लांबलचक संख्या येते ती जुळली, तर आतील मजकूर अक्षरशः तोच आहे. ‘डेटा अँड नेम्स’पुढची संख्याही जुळली तर नावांतही फरक नाही. मोठ्या चित्रमुद्रणांना वेळ लागेल, म्हणून ओव्यांचा फोल्डर आधी घ्या. एरर २३ एकाही फाइलीवर आला असेल, तर पडताळणीत वेळ न घालवता आधी उरलेल्या सर्व फाइली काढून घ्या आणि ती एक फाइल शेवटी हाताळा, कारण खराब होत चाललेली डिस्क जितकी जास्त वाचावी तितकी लवकर बसते. सी ड्राइव्हवरील मूळ फोल्डर दुसऱ्या एका डिस्कवर आणखी एक प्रत होईपर्यंत पुसू नका.