एमआरआय नॉर्मल असताना मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असू शकतो का?

कोरी_पाटी

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचे वय 27 आहे. काही महिन्यांपासून तिचे डोके दुखते; पहाटे, खोकला आला की किंवा खाली वाकले की दुखणे वाढते. अर्धशिशीच्या औषधाने विशेष फरक पडला नाही. अलीकडे वाकून उठताना तिच्या डोळ्यांपुढे दोन-चार सेकंद अंधारी येते आणि नाडीच्या ठोक्याबरोबर कानात ‘सूं सूं’ असा आवाज येतो. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे गेलो, तर त्यांनी बाहुल्या मोठ्या करून तपासले, दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेतांना (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांना) सूज असल्याचे सांगितले आणि त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवले.

एमआरआयमध्ये गाठ नाही, कुठे पाणी साठलेले नाही, मेंदू नॉर्मल आहे. तरीही आता पाठीतून पाणी काढून दाब मोजायचा आहे असे डॉक्टर म्हणतात. आईचा याला ठाम विरोध आहे. स्कॅन स्वच्छ असताना ही सुई खरोखर आवश्यक आहे का, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

चेतातंतू

आपण ज्या क्रमाने तपासण्या झाल्या असे लिहिले आहे, तो क्रम योग्य आहे. एमआरआयमध्ये आकार दिसतो, दाब मोजता येत नाही. कवटी हाडांची असल्यामुळे ती ताणली जात नाही, आणि तिच्यात मेंदू, रक्त व मेंदूजल (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी) या तिघांनाच जागा असते. एकाचे आकारमान वाढले की उरलेल्यांना जागा सोडावी लागते आणि सोडण्याजोगी जागा संपली की दाब झपाट्याने चढतो. मन्रो यांनी 1783 मध्ये आणि केली यांनी 1824 मध्ये मांडलेला हा विचार आजही निदानाचा पाया आहे.

गाठ, रक्तस्राव किंवा वाट अडल्यामुळे साठलेले पाणी स्कॅनमध्ये दिसते. मेंदूजलाच्या निचऱ्यातच बिघाड असेल तर मेंदूची रचना मात्र अगदी व्यवस्थित दिसू शकते. ‘इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन’ (उघड कारण न सापडता कवटीतील दाब वाढणे) या विकाराच्या निदानासाठी तर मेंदू नॉर्मल दिसणे ही अटच आहे, त्यामुळे आपल्या हातातील अहवालाने ही शक्यता कमी झालेली नाही.

तो अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा वाचावा, कारण ‘एम्प्टी सेला’ (पियुषिका ग्रंथीची हाडातील खोबण रिकामी दिसणे), डोळ्याच्या मागच्या बाजूचा सपाटपणा, दृष्टिचेतेभोवतीचे आवरण फुगणे अशा खुणा मजकुरात असतात आणि निष्कर्षात पोहोचत नाहीत. शिरांचा एमआरआय, म्हणजे व्हेनोग्राम, झाला आहे का हेही विचारावे. मेंदूतील रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी झाली तरी लक्षणे हुबेहूब अशीच असतात, साध्या एमआरआयमध्ये ती नजरेतून सुटू शकते आणि तिचे उपचार पूर्णपणे निराळे आहेत. रक्तदाब मोजला असेलच. तो अतिशय वाढला तरी दोन्ही दृष्टिचेता सुजतात.

आईंची भीती मी समजू शकतो. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून जाते. कवटीत मोठी गाठ असताना पाणी काढले तर मेंदूचा भाग खाली सरकण्याचा धोका असतो. स्कॅन आधी करतात तो यासाठीच, आणि आपल्याकडे तो झालेला आहे.

बहीण सध्या किंवा नुकतीच कोणती औषधे घेत होती, आणि वर्षभरात वजन वाढले आहे का, हे कृपया लिहावे.

उंबरठा

मला हाच विकार असून माझी तपासणी दोनदा झाली आहे, म्हणून ती प्रत्यक्ष कशी असते एवढेच लिहिते. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. जागा बधिर करण्याच्या इंजेक्शनची चुरचुर जाणवली, त्यानंतर फक्त दाबल्यासारखे वाटले. सुईला सेंटिमीटरच्या खुणा असलेली उभी नळी जोडतात आणि तिच्यात पाणी हळूहळू वर चढते. माझे पाणी बरेच वर जाऊन थांबले होते. डॉक्टरांनी पाय सैल सोडून सरळ करायला आणि संथ श्वास घ्यायला सांगितले, तेव्हा ते थोडे खाली आले आणि श्वासाबरोबर वरखाली होऊ लागले. मगच त्यांनी आकडा लिहून घेतला.

नंतर काही दिवस निराळी डोकेदुखी झाली, जी उठून बसले की वाढायची आणि आडवे पडले की थांबायची. असे होऊ शकते, हे आधी माहीत असलेले बरे.

चेतातंतू

उंबरठा यांनी लिहिलेला पाय सरळ करण्याचा तपशील महत्त्वाचा आहे. रुग्ण अंग आखडून, श्वास रोखून पडलेला असेल तर आकडा खोटा चढतो, आणि बसवून मोजले तर वरच्या द्रवस्तंभाची भर पडून त्याला अर्थ उरत नाही. कुशीवर, स्वस्थ स्थितीत प्रौढांमध्ये साधारण 20 सेंटिमीटरपर्यंतचा दाब नेहमीचा मानतात, 25 किंवा अधिक असेल तर वाढलेला धरतात, आणि मधल्या आकड्यांचा अर्थ बाकीच्या खुणांच्या आधारे लावावा लागतो. काढलेले पाणी प्रयोगशाळेतही पाठवतात, कारण पेशी किंवा प्रथिने वाढलेली असतील तर जंतुसंसर्गासारखी कारणे शोधावी लागतात.

आणखी एक गैरसमज आढळतो, तो म्हणजे पाणी काढले की आजार बरा झाला. शरीरात कोणत्याही क्षणी सुमारे 150 मिलिलिटर मेंदूजल असते आणि दिवसाला सुमारे 500 मिलिलिटर नवे तयार होते. म्हणजे काढलेले 20-30 मिलिलिटर तास-दीड तासात भरून येते.

नेत्रपल्लवी

डोळ्यांच्या बाजूने थोडे लिहिते. मेंदूभोवतीचे पाणी दृष्टिचेतेच्या आवरणातही उतरते, म्हणून कवटीतील दाब डोळ्याच्या पडद्यावर सुजेच्या रूपाने दिसतो. ही सूज यायला वेळ लागतो, त्यामुळे दाब अचानक वाढल्यास सुरुवातीला पडदा स्वच्छ असू शकतो. उलट, दृष्टिचेतेत चुन्याचे कण असले तर सूज नसतानाही ती आहे असे वाटते. शंका असल्यास डोळ्याची सोनोग्राफी आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचे प्रकाशाने घेतलेले स्कॅन) करतात.

अक्षरांचा तक्ता 6/6 वाचता आला म्हणून निर्धास्त होऊ नये, असे मी आवर्जून सांगेन. या विकारात नजर आधी कडेने जाते, अंधबिंदू मोठा होतो, आणि मधली नजर बऱ्याचदा शेवटपर्यंत टिकते. म्हणून फील्ड टेस्ट (मधली आणि कडेची नजर किती आहे हे मोजणारी चाचणी) आताच करून तिचा कागद जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येईल. समोरून येणारे माणूस शेजारी-शेजारी दोन दिसू लागले तर तेही कळवावे. डोळा बाहेर वळवणारी सहावी चेता दाबामुळे दुर्बळ होते. नजर काही दिवसांत झरझर कमी होऊ लागली, तर शस्त्रक्रियेचा निर्णयही तातडीने घ्यावा लागतो.

कोरी_पाटी

सर्वांचे मनापासून आभार. आईने हे वाचून होकार दिला आणि तपासणी काल झाली. व्हेनोग्राममध्ये गुठळी नाही, दाब 34 सेंटिमीटर आला आणि पाण्याचा प्रयोगशाळेतील अहवाल नॉर्मल आहे. वर्षभरात वजन बरेच वाढले आहे. औषधांविषयी विचारले होते: मुरुमांसाठी तिला डॉक्सिसायक्लिन दिले होते आणि ते ती काही आठवड्यांपूर्वीपर्यंत घेत होती. हे कोणालाच सांगितलेले नव्हते, कारण त्वचेच्या औषधाचा डोक्याशी संबंध असेल असे वाटले नाही. आता दाब कमी करण्यासाठी ॲसिटाझोलामाइड ही गोळी सुरू केली आहे.

चेतातंतू

ही माहिती आजच न्यूरोलॉजिस्टना कळवा. डॉक्सिसायक्लिन आणि मिनोसायक्लिनमुळे हा दाब वाढू शकतो. जीवनसत्त्व ‘अ’च्या जास्त मात्रेमुळे आणि मुरुमांवरच्याच आयसोट्रेटिनॉइनमुळेही. गोळी थांबवली तरी सूज ओसरायला वेळ लागतो, त्यामुळे नेत्रतज्ज्ञांनी दिलेल्या तारखा चुकवू नयेत. त्वचारोगतज्ज्ञांनाही सांगा आणि बहिणीच्या फाइलच्या पहिल्या पानावर या औषधांची नावे लिहून ठेवा, कारण पुढे सर्दी-तापातही कोणी सहज डॉक्सिसायक्लिन लिहून देईल.

उंबरठा

ॲसिटाझोलामाइडमुळे बोटांना मुंग्या येतात आणि सोड्याची चव धातूसारखी लागते. मला दोन्ही झाले. त्यापायी गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टर मात्रा जुळवून देतात. मात्र बहीण गुंगीत राहू लागली, उलट्या थांबेनात किंवा नजर एकदम कमी झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.